चालता जिना

जिना चोरणं हे काही पाकीट मारण्याइतकं सोपं काम नाही. पाकीट खिशात मावतं. जिन्याला पायऱ्या असतात, कठडा असतो, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पसरलेला असतो. गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा घडी घालून परत देणाऱ्या शिवणकाकूंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिली चोरी केली, ती थेट जिन्याची. बाईला कारणही तसंच होतं, उगाच नाही.

तो जिना फक्कीचा होता, हे आधी सांगितलेलं बरं. फक्की म्हणजे खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पावडर. बाटल्यांचा कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्याच्या मागची पत्र्याच्या बारा खोल्यांची रांग तशीच राहिली होती. शेजारच्या मोकळ्या जागेत या बारा घरांसाठी पक्की इमारत व्हायची होती. सहा घरं खाली, सहा वर. स्वस्तातली, पण स्वतःची.

त्यासाठी आजवर नऊ वेळा सर्व्हे झाला होता. नऊ वेळा कुणीतरी फॉर्म घेऊन आलं, स्वयंपाकघर हवं का, खिडकी हवी का, असं विचारून गेलं, आणि नऊ वेळा लोकांनी हवं, हवी, म्हणून सांगितलं. नको कोण म्हणेल? दहाव्या खेपेला एक आर्किटेक्ट बाई आली. तिशीची, जाडजूड बूट घातलेली. तिच्या हातात फॉर्म नव्हता, आठ पोती फक्की होती. तिनं टेप धरून अख्खी इमारत जमिनीवर खऱ्या मापात आखून टाकली. भिंती, दारं, पुढची लांब गॅलरी, जिना, सगळं. वरचा मजला शेजारी वेगळा आखला.

"कागदावर घर कळत नाही," ती म्हणाली. "इथं येऊन बसा, झोपा, भांडा. पटलं नाही तर रेघ पुसा आणि दुसरी मारा. फक्कीच आहे, सिमेंट नाही. पण पुसाल ते मला सांगा, आणि का पुसलं तेही सांगा. मी दर शनिवारी येते."

संध्याकाळपर्यंत तिचं नाव फक्कीबाई पडलं होतं.

आणि मग रांगेनं जो धुमाकूळ घातला, तो बघण्यासारखा होता. बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हरदादा आपल्या फक्कीच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आणि चहा तिथंच मागवू लागले. भाजीवाली वहिनी वरच्या मजल्यावरची. ती जमिनीवरच्या जिन्यातून अकरा पायऱ्या मोजत चालायची, मग शेजारच्या आखणीत शिरायची, आणि पोरं मध्येच आडवी धावली की ओरडायची, "अरे मेल्यांनो, पडाल ना खाली!" चावीवाल्याची तर तऱ्हाच निराळी. तो कामाला निघताना दोन रेघांमधल्या मोकळ्या हवेत किल्ली फिरवून आपलं घर बंद करायचा, ओढून बघायचा, आणि मग जायचा.

फक्त शिवणकाकू आपल्या रेघांमध्ये उभ्या राहिल्या आणि तिथून हलेचनात.

त्याचं असं होतं. काकूंना सुई ओवता येत नव्हती. आज नाही, गेली सहा वर्षं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजलाय, चष्म्यानं काम भागणार नाही, कडेचं तेवढं दिसत राहील. तसंच झालं होतं. काकूंना माणूस दिसे, भिंत दिसे, रस्ता दिसे, पण जिथं नजर लावावी तिथंच नेमकं धुकं. म्हणून त्या मान तिरकी करून बोलत, आणि नवख्या माणसाला वाटे की बाई फार शिष्ट आहे. शिवण हाताच्या सवयीनं सरळ यायची. बोटांना टाका कळायचा. पण सुईचं नेढं? त्याला डोळाच लागतो.

ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. ज्या शिंपिणीला दिसत नाही तिला कापड कोण देणार? आणि काम थांबलं की लेकीचा फोन ठरलेला: "आई, आता पुरे झालं, ये माझ्याकडं." लेक गुणी होती, जावईही भला होता. पण दुसऱ्याच्या घरात आपली खुर्ची कुठं ठेवायची, हेसुद्धा विचारून ठेवावं लागतं. काकूंना आपली खुर्ची आपल्या दारात हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, आणि त्यांनी एक नामी युक्ती काढली होती.

त्यांची खोली रांगेत शेवटची. तिच्या आणि कारखान्याच्या भिंतीच्या मध्ये एक बोळ होता, आणि शाळेची पोरं सकाळ-संध्याकाळ त्याच बोळातून जायची-यायची. काकू मशीन घेऊन दारातच बसलेल्या असत. पोर आलं की त्यांचा हात आडवा: "थांब. जकात!" जकात म्हणजे एक सुई ओवायची. पोरानं डब्यातलं रीळ घ्यायचं, दोरा ओवायचा, सुई उशीत खोचायची, मग सुटका. "सुई ओवता आली नाही तर पुढं आयुष्यात काय ओवणार?" असं त्या दरडावून म्हणायच्या. सकाळच्या नऊ-दहा सुया दुपारपर्यंत पुरायच्या. मशीनच्या सुईनं दोरा सोडला की येत्या-जात्याला हाक असायचीच. सगळी रांग म्हणे, काकूंची ही एक खोडच आहे. काकूंना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक होतं.

आणि आता फक्कीच्या नकाशात तो बोळ बंद. कारखान्याची पडकी भिंत पुढं वाढवून इमारतीला भिडवायची होती. जिना पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडं, ड्रायव्हरदादांच्या घरासमोर. वरची पोरं जिना उतरणार की थेट रस्त्यावर. खालच्या पोरांनाही गॅलरीच्या शेपटाकडं यायचं कारण उरणार नव्हतं. घर बदलून मागावं, तर घरांचा क्रम आत्ताच्या रांगेसारखाच ठेवायचा, शेजारच्या दोन घरांतलं एक खाली, एक वर, हे बारा घरांनी तीन दिवस भांडून ठरवलं होतं. तो विषय पुन्हा काढणाऱ्याचा सात पिढ्यांसकट उद्धार झाला असता.

"का पुसलं ते सांगा," म्हणे. हेच तर सांगायचं नव्हतं.

म्हणून रविवारी पहाटे, दूध यायच्या आधी, काकू केरसुणी आणि डबाभर फक्की घेऊन मैदानात गेल्या. एवढं सबंध धूड एका दिवसात ओढून आणलं तर आंधळ्यालाही दिसेल, हे त्यांना कळत होतं. (हा विचार मनात आल्यावर त्या स्वतःशीच खुदकन हसल्या.) रोज एक हातभर सरकवायचा, असं ठरलं. रस्त्याकडची रेघ पुसायची, आपल्या घराकडं हातभर वाढवायची, पायऱ्या त्या हिशोबानं ढकलायच्या. गुडघे बोलायला लागले, पण काम फत्ते झालं. चोराला शोभेल अशा सावध चालीनं काकू घरी आल्या आणि दोन कप चहा प्यायल्या.

सोमवारी पहाटे बघतात तो काय, जिना ठेवला होता तिथं नव्हता! चांगला तीन-चार हात पुढं आला होता. आपल्याच डोळ्यांचा भरवसा नाही, असं म्हणून काकूंनी पावलं टाकून मोजलं, तरी तेच. त्यांनी पुन्हा हातभर सरकवला, आणि या वेळी जिन्याच्या कडेला खूण म्हणून डब्यातलं एक मोठं निळं बटण मातीत दाबलं. मंगळवारी बटण जागच्या जागी होतं आणि जिना पुन्हा चार हात पुढं.

काकूंना घाम फुटला. मग राग आला. म्हणजे आपला जिना कुणीतरी चोरतंय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी त्यांची गत झाली. दिवसभर त्या दारात बसून एकेकाचा माग काढू लागल्या. ड्रायव्हरदादा? त्यांना दारात वर्दळ नको असेल. भाजीवाली? छे, तिचं घर वर, जिन्याच्या अगदी डोक्याशी, तिला तर जिना आहे तिथंच हवा. राहता राहिला चावीवाला. तो काकूंचा शेजारी, आणि गेल्या वीस वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की दोघांचं वाजलं नाही. कधी पाण्यावरून, कधी त्याच्या कानशीच्या खरखरीवरून.

"काय हो," काकूंनी खडा टाकून पाहिला, "तो जिना जरा हलल्यासारखा वाटतो."

"जिना कसा हलेल?" चावीवाला किल्ली घासता घासता म्हणाला. "तुम्हाला असं कडेकडेनं बघायची सवय, त्यानं तसं वाटत असेल."

काकू चपापल्या. हा काय बोलला? पण त्याचं तोंड नेहमीसारखं भोळंभाबडं होतं. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, मेला!' असं मनात म्हणून त्या आत गेल्या.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. काकू पहाटे एक हात, आणि कोण कुठला तो चोर दिवसाकाठी पाच-सहा हात. चोर निदान आपल्याच दिशेनं चोरतोय, एवढंच काय ते समाधान. शनिवारी पहाटे काकू गेल्या आणि केरसुणी हातातच राहिली. जिना थेट त्यांच्या दारासमोर येऊन थांबला होता. ना बोटभर अलीकडं, ना बोटभर पलीकडं. आणि सर्वांत खालच्या पायरीवर, मधोमध, त्यांचं निळं बटण ठेवलेलं होतं. धुऊन, पुसून.

काकूंनी बटण उचललं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पण हात शिवशिवत होते, आणि जिन्याची एक कड वाकडी आली होती. वाकडी कड बघून गप्प बसेल ती शिंपीण कसली? त्यांनी ती पुसून सरळ मारली आणि घरी गेल्या. इथंच घात झाला.

दहा वाजता फक्कीबाई आली. तिनं कागद बघितला, जमीन बघितली, पुन्हा कागद बघितला.

"जिना कुठाय?"

सगळी रांग जमली होती आणि सगळी रांग मूग गिळून बसली होती.

"गेल्या शनिवारी तो ड्रायव्हरदादांच्या दारासमोर होता. आज पार त्या टोकाला आहे." तिनं टेप लावला. "बावन्न फूट!"

"वारा होता," ड्रायव्हरदादा म्हणाले.

"वाऱ्यानं नेला? पायऱ्यांसकट?"

"जोराचा होता."

"रात्री कुत्री लोळतात इथं," मागून कुणीतरी पुस्ती जोडली.

"कुत्री मोजून लोळतात का? अकराच्या अकरा पायऱ्या जागेवर आहेत." फक्कीबाईला हसू दाबता येत नव्हतं. "हे बघा, मला राग आलेला नाही. पुसा म्हणून मीच सांगितलं होतं. पण का, ते कळायला नको? जिना शेवटाला नेला तर वरच्या लोकांना रोज उलटं चालावं लागेल. ओझं घेऊन, पाणी घेऊन. ऑफिसला मी काय सांगू?"

काकूंना पुढचं कळून चुकलं. आता कुणीतरी म्हणणार, बरोबर आहे, जिना परत न्या. झालं.

"माझं ऐका," ड्रायव्हरदादा उठले. "मी तीस वर्षं बस चालवली. माणसानं मागच्या दारानंच चढावं. पुढून चढला की गोंधळ होतो."

"ही इमारत आहे, दादा."

"गोंधळ तो गोंधळच."

मग चावीवाल्यानं गळा साफ केला. "धंद्यातलं सांगतो. जिना शेवटाला असला की चोराला वर जायला सहा दारांवरून जावं लागतं. माझ्यासारख्याचा धंदा बसेल, पण लोकांचं भलं होईल."

"आणि वहिनी, तुम्ही?" फक्कीबाई भाजीवालीकडं वळली. "जिना तुमच्या दाराशी होता. आता तुम्हाला खालून बावन्न फूट इकडं आणि वरून बावन्न फूट परत. डोक्यावर टोपली घेऊन."

"मला चालायला सांगितलंय डॉक्टरनं," वहिनी म्हणाली.

काकू बघतच राहिल्या. ही बाई पहाटे चारला बाजार गाठते, दिवसभर गल्ल्या तुडवते, हिला आणखी चालायला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? बादलीभर पाण्यासाठी एकमेकांच्या झिंज्या धरणारी ही माणसं आज एका सुरात? कुठंतरी पाणी मुरत होतं, हे नक्की.

तेवढ्यात फक्कीबाई खाली वाकली. "ही कड कुणी मारलीय? बाकी सगळ्या एकेरी रेघा आणि इथं दुहेरी. बाहेर सलग, आत ठिपके ठिपके."

शिवायची रेघ ठिपक्यांची, कापायची रेघ तिच्या बाहेर अर्धा इंच सोडून. चाळीस वर्षांची हाताची सवय, पहाटेच्या अंधुक उजेडात आपोआप उमटली होती. जिन्याला शिलाई सोडून ठेवली होती बाईनं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळ्या रांगेनं आभाळाकडं बघितलं. आभाळात काही नव्हतं.

"ती माझी रेघ," चावीवाला म्हणाला.

"आणि आत ठिपके कशाला?"

"हौस."

फक्कीबाईनं त्याच्याकडं बघितलं, काकूंच्या दारातल्या मशीनकडं बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. सभा मोडली.

काकू तडक चावीवाल्याच्या दारात.

"खोटं का बोललात?"

"कधी? मी दिवसातून बऱ्याचदा बोलतो."

"ती रेघ माझी होती."

"अहो, ते सगळ्यांना माहीत आहे. फक्कीला शिलाई सोडणारं दुसरं कोण आहे इथं?" तो उठला, काकूंच्या दारापाशी आला आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. "पहिल्या दिवशी पहाटे तुम्हाला केरसुणी घेऊन वाकलेलं दादांनी बघितलं. त्यांना वाटलं, झाडताय. मग कळलं, जिना झाडताय. एकट्या म्हाताऱ्या बाईनं हातभर हातभर करत बावन्न फूट कधी ओढायचं? म्हणून दुपारी तुम्ही पडलात की थोडा मी ओढायचो. थोडा दादा, गुडघे धरून. थोडा वहिनी."

"आणि बटण?"

"ते मीच ठेवलं. हरवलं असतं तर रांगेवर आळ घेतला असतात."

"पण का?" काकूंचा आवाज चढला. "तुम्हाला काय करायचंय माझ्या दारासमोर जिना आणून?"

चावीवाल्यानं उशीतली एक रिकामी सुई काढली, डब्यातून पांढरं रीळ घेतलं, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि सुई ओवली. कुणी मागितली नसताना.

"काकू, शाळा कुठल्या बाजूला आहे?"

"हा काय प्रश्न झाला? तिकडं, रस्त्याच्या..."

काकू थांबल्या. शाळा रस्त्याच्या बाजूला होती. ड्रायव्हरदादांच्या दारातून बाहेर पडलं की चौथी इमारत. हे त्यांना माहीत होतं. घंटासुद्धा रोज तिकडूनच ऐकू यायची.

"मग पोरं बोळातनं का जातात?" चावीवाला म्हणाला. "तुमच्या दारावरनं, गटार ओलांडून, अख्ख्या कारखान्याला वळसा घालून? सहा वर्षं जातायत. पहिली होती ती आता मोठ्या शाळेत गेली, दुसरी आली. सगळ्या घरांत सांगून ठेवलंय, काकूंच्या दारावरूनच जायचं आणि त्यांनी हात आडवा केल्याशिवाय थांबायचं नाही. आपण होऊन थांबलं तर त्यांना कळेल."

आधी काकूंना लाज वाटली, मग संताप आला.

"सहा वर्षं! सहा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत?"

"सुरुवात कुणी केली? जकात कोण म्हणालं?"

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"रांगेबाहेर एक शब्द गेलेला नाही. भाजीवाल्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनंसुद्धा हे एवढं गिळलं. आजारी पडायची वेळ आली होती तिच्यावर."

काकूंना हसायचं होतं, पण रडू आलं. चांगलं भडभडून आलं. चावीवाल्यानं दुसरी सुई घेतली, मग तिसरी. काकूंचं रडून होईपर्यंत त्यानं उशीतल्या सातही रिकाम्या सुया ओवून ठेवल्या, आणि मग म्हणाला, "तुमच्या मशीनचा आवाज माझ्या कानशीपेक्षा जास्त येतो, हे मात्र सांगून ठेवतो." त्यावर काकूंनी डोळे पुसले आणि त्याला चार शब्द सुनावले. तेव्हा कुठं दोघांना बरं वाटलं.

त्यानंतर काकूंनी एक गोष्ट केली जी सहा वर्षांत केली नव्हती. फक्कीबाई पोती गाडीत भरत होती. तिच्याजवळ जाऊन, मान तिरकी करून, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आता सांगतेच आहे तर आणखी एक. जिना संपतो तिथं जागा अपुरी आहे. एक पोर सुई ओवायला थांबलं तर मागच्याला जाता आलं पाहिजे. नाहीतर शाळेला उशीर होऊन मलाच बोल लागेल."

फक्कीबाईनं एक पोतं पुन्हा खाली उतरवलं. जिन्याच्या पायथ्याशी तिनं आणखी चार फूट जागा आखली, दाराला लागून एक कट्टा आखला, आणि नकाशावर त्या जागेचं नाव लिहिलं: सुईचा थांबा.

तो नकाशा ऑफिसात गेला आणि गुरुवारी मंजुरीचे साहेब स्वतः आले. जिना पुढं असतो, असा त्यांचा अनुभव होता. सुईचा थांबा असा प्रकार नियमात कुठं नव्हता. बदलाचं कारण पटलं नाही तर जिना मूळ जागी जाईल, असं त्यांनी गाडीतून उतरता उतरता सांगून टाकलं.

"कारण बघायला चला," फक्कीबाई म्हणाली.

शाळा नुकतीच सुटली होती. फक्कीच्या गॅलरीतून साहेब चालत निघाले, मागं शिपाई, मागं रांग. शेवटच्या दारात काकू खऱ्या खुर्चीवर, खरं मशीन घेऊन, फक्कीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. जिन्याच्या रेघांवर पोरं ओळीनं उभी होती. साहेबांनी पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि काकूंचा हात आडवा झाला.

"थांबा. जकात!"

"म्हणजे?"

"सुई ओवायची. इथून वर जाणाऱ्या प्रत्येकाला."

शिपाई हसला. साहेबांनी सुई हातात घेतली. दोरा घेतला. हात लांब केला, आणखी लांब केला, मग नाकाशी आणला. दोरा सुईच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. त्यांच्या खिशात चष्म्याची डबी फुगली होती, पण हात तिकडं जाईना. कपाळावर घाम आला.

काकूंना समोरचं दिसत नसलं तरी कडेचं चांगलं दिसत होतं. खिशातली डबी दिसली, आणि मागं उभ्या माणसांकडं चोरून टाकलेली नजर तर आंधळ्यालाही ओळखता आली असती. सहा वर्षं हेच केलं होतं ना त्यांनी.

त्या पुढं झुकल्या. "किती दिवस झाले?" हळूच विचारलं.

साहेब तितक्याच हळू म्हणाले, "दोन वर्षं. चष्मा लावला की ऑफिसात म्हातारा म्हणतात."

"मग वाचता कसं?"

"शिपाई वाचून दाखवतो. मी म्हणतो, मोठ्यानं वाच, तुझे उच्चार सुधारतील."

काकूंनी मान डोलावली. युक्ती त्यांना आवडली होती. मग त्या एकदम खणखणीत आवाजात ओरडल्या, "अरे, साहेबांना किती वेळ ताटकळत ठेवता? घ्या ती सुई त्यांच्या हातातली!"

पायरीवरच्या पोरानं सुई घेतली, एका दमात ओवली आणि उशीत खोचली. मागची चार पोरं साहेबांच्या शेजारून आरामात निघून गेली. चार फुटांचा थांबा पुरेसा होता.

"कारण पटलं?" फक्कीबाईनं विचारलं.

साहेबांनी पेन काढलं. "सही कुठं करायची?"

तिनं कागदावर बोट ठेवलं. साहेबांनी त्या बोटाच्या अंदाजानं सही केली.

जिन्यात काय बोलणं झालं, ते काकूंनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. चावीवाल्याला सांगितलं, पण तो कुणात धरायचा नाही. इमारत उभी राहायला चौदा महिने लागले. तेवढ्यात साहेब पाहणीला सात वेळा आले. दर वेळी गाडी रस्त्याच्या बाजूला थांबायची, काम रस्त्याच्याच बाजूला चाललेलं असायचं, तरी ते आधी पार टोकापर्यंत चालत काकूंकडं जायचे. सुई त्यांना एकदाही ओवता आली नाही. पण जकात भरायला शिपाई बरोबर आणायचं ते कधी विसरले नाहीत.